अक्काची विहीर दाखवायची राहिली

अख्ख्या पांझरेकाठी सरकारी साहेबाला पोट धरून हसवलेला माणूस मी एकटाच. साहेब हसत हसत आमचा फड बुडवून गेला, एवढं मात्र मी एरवी सांगत नाही.

शाळेत मी एकदाच गेलो होतो, भिंती सारवायला. मूळचा मी शिंदखेड्याकडचा. मेहुणे वारले तेव्हा अक्काला सोबत पाहिजे म्हणून मला धुळ्याजवळच्या तिच्या सासरच्या गावी धाडलं, तो तिथंच चिकटलो. सोबत म्हणजे काय, तर ती रांधायची आणि मी जेवायचो. अक्का माझ्याहून बरीच मोठी, बोलणं कमी, हात सतत कामात. तिला मूलबाळ नव्हतं. मेहुण्यांनी मागं ठेवलेलं एक वावर आणि वावरातली एक विहीर, एवढाच तिचा संसार, आणि वरून मी.

आता फड म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, कारण हल्ली धुळ्यातल्या लोकांनाही ते माहीत नसतं. नदीला जुना दगडी बंधारा. बंधाऱ्यातून पाणी निघायचं ते पाटानं, म्हणजे मातीच्या कालव्यानं, शिवारात यायचं. त्या पाण्यावर जेवढी वावरं भिजतात त्यांचे मोठे मोठे तुकडे पाडलेले, एकेका तुकड्याला म्हणायचं फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा ऊस तर बठ्ठ्यांचा ऊस, पुढल्या साली गहू तर बठ्ठ्यांचा गहू. पाणी आधी वरच्या फडाला, मग मधल्या, शेवटी शेपटीच्या. अक्काचं वावर शेपटीला. पाट तिच्या विहिरीजवळ येऊन संपायचा.

फडाची कामं गावानं वाटून दिलेली. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. मला दुसरं काहीच येत नाही हे गावानं लवकरच ओळखलं आणि मला जागल्या केलं. डुकरं माझा आवाज ऐकून पळायची. माणसं माझा आवाज ऐकून गोळा व्हायची. पीक राखायला मी बसलो की शेजारपाजारचे रिकामे लोक गप्पांना यायचे आणि हरभऱ्याचे घाटे तेच खाऊन टाकायचे. म्हणजे राखण करून मी नुकसानच जास्त केलं. तरी फडाचे मुख्य पंच, नाना, म्हणायचे, असू द्या, हसवतो तरी.

दुष्काळाच्या आधीची ही गोष्ट. धुळं तेव्हा आमच्या बाजूला सरकत येत होतं. आधी जिनिंगचं गोदाम आलं, मग लाकडाची वखार, मग कोणाकोणाचे प्लॉट. आणि मग बातमी आली की वरच्या फडावर नवी वसाहत होणार. घरं, दुकानं, बाजाराचा ओटा, सगळं. वरच्या फडातले काही जण मनातून खूश होते, त्यांच्या जमिनीला पैसा मिळणार होता. पण मधल्या आणि शेपटीच्या फडात सगळ्यांचे चेहरे उतरले. पाट वरच्या फडातून येतो. तिथं घरं झाली तर पाट कुठून येणार?

अक्काची तर विहीरच पाटावर जगायची. पाट वाहता असला की विहिरीचं पाणी वर चढायचं, पार वरच्या पायरीला लागायचं. चैत्रात नदी आटली, पाट बंद झाला, की पाणी खाली उतरत जायचं. आतल्या दगडांवर त्याच्या रेघा उमटलेल्या होत्या. वर हिरवी शेवाळाची, तिच्याखाली काळपट, मग कोरी. पाटाचं पाणी मातीतून झिरपून तिथं येतं हे आमच्यात कोणाला सांगावं लागत नव्हतं. सगळ्यांना माहीत म्हणून कोणी ते कधी बोलूनच दाखवलं नाही.

नाना चार माणसं घेऊन धुळ्याच्या ऑफिसात गेले. तिथं त्यांनी सांगितलं, वसाहत झाली तर आमचं पाणी जाईल. आणि नवल म्हणजे त्यांचं ऐकून घेतलं. एक साहेब येऊन स्वतः बघेल म्हणाले. वसाहत झाली तर पावसाचं पाणी कुठं जाईल, घरांचं सांडपाणी कुठं जाईल, कोणत्या विहिरींवर परिणाम होईल, किती झाडं जातील, हे सगळं बघून तो आपलं मत देईल, आणि मग ठरेल. त्या काळी असं कोणी बघायला येत नसे. सरकार आधी खुंट्या ठोकायचं, मग विचारायचं. नाना परत आले ते छाती पुढं काढून.

त्या दिवशी अक्कानं मला जेवताना सांगितलं, "साहेब उना की त्याले मन्ही इहीर दखाड. त्या रेघा दखू दे त्याले. बाकी तू कायबी नको करू."

"बस, एवढंच?" मी म्हणालो. "त्याले इहीरमा उतारी देस."

"दखाड फक्त," अक्का म्हणाली.

आता काम एवढंच होतं. पण साहेब यायचा म्हणजे पाहुणा यायचा. आणि पाहुणा म्हटला की आमच्या गावाचं डोकं फिरतं.

पारावर बैठक बसली. साहेब येणार वैशाखात. वरच्या फडापर्यंत जायला गाडीवाट होती, पण तिच्यात वावरात पाणी नेणाऱ्या चाऱ्या आडव्या, पुढं पाट आडवा. जीप पाटाच्या अलीकडंच थांबणार आणि साहेबाला उन्हात पायी यावं लागणार.

नाना म्हणाले, "पाव्हनाले उनमा पायी चालाडशात का? धुयानं ऑफिसमा काय सांगी तो आपलं?"

मग एक आवाज आला, आणि सांगायला लाज वाटते, तो माझाच होता. "नाना, पाट कोरडाच शे ना आते. मुरूम टाकी देऊत. पाऊसना आगोदर उपसी टाकसूत."

माझ्या सगळ्या आयुष्यात पंचांनी एकमतानं मान्य केलेली माझी ही एकच सूचना.

फडाची रीत अशी, की पाट साफ करायचा असला की प्रत्येक वाट्यामागं घरातला एक माणूस यायचा. त्याच रीतीनं पाट बुजवायलाही प्रत्येक घरातून माणूस आला. सोनगीरच्या बाजूच्या टेकाडावरून बैलगाड्यांनी मुरूम आणला. आधी जीपच्या चाकापुरता पाट बुजवायचं ठरलं होतं. मग कोणी म्हणालं, जीप वळवायला जागा नको? मग तेवढा बुजवला. मग तिथल्या जुन्या आंब्यांच्या सावलीत मांडव घालायचं निघालं, आणि नेमका आंब्यांच्या खालून पाट जायचा. तो सगळा बुजवला. वर पाणी शिंपडलं, धुम्मसानं ठोकलं, शेणाचा सडा घातला. चाऱ्या तर कधी गेल्या कळलंही नाही. मी मुकादमासारखा हात मागं बांधून फिरत होतो. इतकं झकास काम आमच्या गावानं त्याआधी कधी केलं नव्हतं. पाट होता का नव्हता सांगता येईना.

संध्याकाळी अक्का भाकरी घेऊन आली. उभी राहून तिनं सगळं बघितलं. म्हणाली, "पाट बुजी टाका तुम्हीन. आते साहेबले काय दखाडशात?"

"तुन्ही इहीर," मी म्हणालो. सगळे हसले. तीही जराशी हसली असेल, मला तसं वाटलं.

धुळ्याचे एक शेठ होते, मारवाडी, आमच्या गावची मिरची तेच घ्यायचे. खुर्च्या, गालिचा आणि चांगल्या कपबश्या त्यांच्याकडून आणल्या. सामान गाडीत भरताना ते नानांना म्हणाले, "नाना, हा पाहुणा आहे का पंच? पंचाला एवढं जेवायला घालता तर तो तुमची तक्रार काय लिहील? त्याला तकलीफ दाखवा तुमची."

नानांना ते लागलं. "शेठ, दारशी येल मानुसले तकलीफ दखाडानी आमनी रीत नही."

शेठ म्हणाले, "तुमची मर्जी. कपबशी फुटली तर सांगा."

गाडीत बसल्यावर मी शेठची नक्कल केली आणि सगळे लोळून हसले. एकच खरं बोलणारा माणूस भेटला होता, त्याचीही मी नक्कल केली.

साहेब आला. तरुण होता, पुण्याकडचा, डोक्यावर टोपी, चष्म्यावर धूळ. माणूस खरंच चांगला. वाईट असता तर मला आज बरं वाटलं असतं. बरोबर एक मोजणीवाला. जीप थेट मांडवात आली. साहेब उतरला, सावली बघितली, सडा बघितला, आणि म्हणाला, "वा. जागा फार छान ठेवलीय तुम्ही."

आमची मान ताठ झाली.

सगळे बसल्यावर त्यानं कामाचं विचारायला सुरुवात केली. "पावसाळ्यात इथं पाणी साचतं का?"

नाना म्हणाले, "नाही साहेब, आमच्या शिवारात तसला त्रास नाही."

"विहिरींना पाणी कसं आहे?"

"देवाच्या दयेनं भरपूर. तुम्ही किती प्या."

मला कळत होतं की नाना उलटं बोलतायत. नानांनाही कळत असणार. पण पाहुणा समोर बसलेला, हातात शेठची कपबशी, अशा वेळी आपल्या गावात पाणी कमी पडतं असं तोंडातून निघतच नाही. आपल्या घरी लेकीला बघायला आलेत आणि आपणच म्हणायचं की पोरीला दिसत नाही, तसं वाटतं.

मग साहेबानं हातातला नकाशा उलगडला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "तुमच्या अर्जात पाटाचं लिहिलंय. तो पाट नेमका कुठं आहे?"

नाना माझ्याकडं बघायला लागले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, तुमच्या खुर्चीखाली आहे."

साहेबानं खाली बघितलं. गुळगुळीत सारवलेली जमीन, वर गालिचा. आणि तो हसायला लागला. तो हसला म्हणून मोजणीवाला हसला, तो हसला म्हणून गाव हसलं.

"नाही साहेब, खरंच," मी म्हणालो. "आम्हीच बुजवला. तुमची जीप यावी म्हणून."

आता तर साहेबानं पोटच धरलं. चष्मा काढून डोळे पुसले. नानांना म्हणाला, "माणूस भारी आहे हो तुमचा."

त्या वेळी मी काय करायला पाहिजे होतं ते आजही मला नीट सांगता येत नाही. कुदळ आणून गालिचा उचलून खणायला पाहिजे होतं बहुतेक. पण साहेब हसत होता, आणि माझ्या बोलण्यावर एवढा शिकलेला माणूस हसलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. मी आणखी एक गंमत सांगितली. मग आणखी एक. ढवळ्या बैलाची सांगितली, माझं लग्न तीनदा कसं मोडलं ते सांगितलं. साहेबानं नकाशाची घडी केली.

जेवणाला खापरावरचे मांडे होते आणि आमरस. जळगावकडून केळीचे घड मागवले होते. साहेब नाही नाही म्हणत होता आणि बाया वाढत होत्या. ऊन असं होतं की मांडवाच्या बाहेर बघवत नव्हतं. जेवण झाल्यावर साहेबाचे डोळे जड झाले. मोजणीवाला तर खुर्चीतच घोरत होता.

तेवढ्यात मला आठवलं. अक्का मांडवात नव्हती. ती सकाळपासून विहिरीवर होती.

मी साहेबाजवळ गेलो. "साहेब, आमच्या अक्काची विहीर बघायला चला. जवळच आहे. तिच्यात पाटाचं पाणी येतं."

"कोणता पाट?" साहेब म्हणाला. "हा खुर्चीखालचा?"

सगळे पुन्हा हसले. "आता काय मला विहिरीत बसवतोस का? पुढच्या खेपेला नक्की येतो. तुझ्या अक्कांना नमस्कार सांग."

जीप सुरू झाली. जाताना एवढ्या भरभक्कम मुरमावरून ती गेली की चाकाची खूणसुद्धा उमटली नाही. आम्ही हात जोडून उभे होतो. नाना म्हणाले, "साहेब खूश व्हयना."

मी विहिरीवर गेलो. अक्का काठावर पदर डोक्यावर घेऊन बसली होती. एक पितळी तांब्या घासून लख्ख केलेला, त्यावर फुलपात्र पालथं. आत उतरायच्या पायऱ्या तिनं झाडून काढल्या होत्या, साहेबाच्या बुटांना माती लागू नये म्हणून. ती जेवलीही नव्हती.

"साहेबनी नमस्कार सांगा तुले," मी म्हणालो.

अक्कानं तांब्यातलं पाणी लिंबाच्या रोपाला ओतलं आणि घरी गेली.

साहेबाचं मत काय पडलं ते ऑफिसातल्या शिपायाकडून कळलं. जागा सपाट, कोरडी, गाडी जायला सोयीची. पाण्याची वाट कुठं अडत नाही. विहिरींना पाणी भरपूर. गावकरी समाधानी. नाना ते ऐकून गेले ते थेट साहेबाकडं. पण साहेबाची बदली झाली होती. दुसऱ्यानं नानांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि सांगितलं की हे सगळं तुमच्याच तोंडचं आहे. नाना म्हणाले, आम्ही ते पाहुणचार म्हणून बोललो. त्यानं विचारलं, मग आता हे कशासाठी बोलताय?

पावसाआधी आम्ही पाट उपसायला गेलो. वरच्या फडात खुंट्या ठोकलेल्या होत्या. आमचाच ठोकलेला मुरूम, कुदळ मारली तर हाताला झिणझिण्या यायच्या. जे थोडं उपसलं ते वसाहतीच्या माणसांनी परत बुजवलं. त्यांनी मुरमाचं कौतुकही केलं. म्हणाले, पाया तयारच आहे.

वरच्या फडाचे पैसे मिळाले. मधल्या फडातल्या काहींनी पुढं आपणहून विकलं. शेपटीच्या फडाचं कोणी काही घेतलंच नाही. अक्काचं वावर जसंच्या तसं, विहीर जशीच्या तशी. अक्का एकदा माझ्याबरोबर ऑफिसात आली होती. तिथला माणूस नकाशात बघून म्हणाला, "अक्का, तुमचं तर काहीच गेलेलं नाही."

अक्का त्याच्याकडं बघत राहिली. मी काहीतरी गंमत करायला तोंड उघडलं, आणि ते तसंच मिटून तिच्यामागं बाहेर आलो.

त्या साली विहिरीचं पाणी हिरव्या रेघेपर्यंत चढलंच नाही. पुढल्या साली काळ्या रेघेलाही लागलं नाही. मग दुष्काळ आला आणि सगळ्यांच्याच विहिरी आटल्या, तेव्हा अक्काला वाटलं असेल, आता आपण एकटे नाही. पण दुष्काळ गेला, दुसऱ्यांच्या विहिरींना पाणी आलं, हिच्या विहिरीला आलं ते वसाहतीचं. गटार खालच्या अंगाला काढलं होतं, जुन्या पाटाच्याच वाटेनं. पाट परत वाहायला लागला म्हणायचा. साबणाचा फेस यायचा त्याच्यावर. विहिरीतल्या पाण्याला वास सुटला. लिंबाचं झाड, त्याला फळ धरलं होतं, ते वरून वाळत खाली आलं. अक्का रोज विहिरीवर जायची, वाकून बघायची आणि यायची. पोहरा सोडायची नाही. आत फक्त बघायची.

नानांनी पारावर बसणं सोडलं. कोणाकडं पाहुणा आला की ते मागच्या दारानं निघून जायचे.

मी मात्र सुधारलो. वसाहतीला रात्रीचा राखणदार पाहिजे होता. मला राखणीचा अनुभव होता, नोकरी लगेच मिळाली. बसायला एक पत्र्याची खुर्ची दिली. खुर्ची ठेवली ती आंब्यांच्या जागी. आंबे तोडले होते, पण बुंधा होता, त्यावरून मला कळलं. म्हणजे साहेब बसला होता तिथंच मी बसत होतो. सरकारनं मला साहेबाच्या जागेवर बसवलं, असं मी लोकांना सांगायचो.

अक्का वसाहतीच्या नळावर पाण्याला यायची. नळ दिवेलागणीला सुटायचा आणि माझी पाळीही तेव्हाच सुरू व्हायची. वसाहतीच्या बाया आधी भरायच्या, मग गावातल्या. ज्या बाईच्या विहिरीवर उन्हाळ्यात अर्धं गाव पाण्याला यायचं, ती हंडा घेऊन सगळ्यांच्या मागं उभी राहायची. मी तिकडं बघायचं टाळायचो. माझी मान दुसरीकडं वळवून ठेवायचो, इतकी की मानेला कळ लागायची.

एकदा नवीन राहायला आलेले एक गृहस्थ माझ्याजवळ उभे राहिले. चाळीसगावला रेल्वेत होते, बदलून आले होते. बोलघेवडे. म्हणाले, "काय हो, इथं पूर्वी काय होतं?"

"पाट होता," मी म्हणालो. "पाण्याचा. लांबच्या लांब."

"असं? कुठून जायचा?"

"माझ्या खुर्चीखालून."

ते गृहस्थ हसले. खुर्चीखाली वाकून बघितलं आणि आणखी हसले. आणि मी पण हसलो. एवढ्या वर्षांनी तेच वाक्य, त्याच जागेवर, आणि तसाच हशा. मला बरं वाटलं हो. पुढची गंमत सांगायला मी खुर्चीत सरसावून बसलो.

अक्का हंडा भरून तिथूनच चालली होती. ती थांबली. त्या सगळ्या वर्षांत ती त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. हंडा डोक्यावर, पाणी पदरावर सांडत होतं. तिनं त्या गृहस्थांकडं बघितलंही नाही.

"तुले इहीर दखाडाले सांगेल व्हतं," ती म्हणाली. "हसाडाले नही."